चूक दिसली की मला वाजवा

ज्याने मला पोटाशी धरून इथे आणलं, त्यानेच माझ्या तोंडाला चिकटपट्टी लावली. काळी, रुंद, वायरींना लावतात तसली. मित्रांनो, तुमच्या आजीशी कुणी असं वागलं तर तुम्ही त्याला काय म्हणाल? माझ्या मनात पुष्कळ येतं. पण तो आता साहेब झाला आहे, आणि साहेबाला दोन शब्द सुनावणारं या चौथ्या मजल्यावर कुणी उरलेलं नाही.

मी एक जुनी काशाची घंटा आहे. आता मळले आहे, पण मूळची मी नाकीडोळी नीटस. ओताऱ्याने आम्हा तिघी बहिणींना एकाच दिवशी साच्यात ओतलं. गार झाल्यावर त्याने प्रत्येकीला एकेक टोला दिला आणि डोळे मिटून ऐकलं. थोरलीच्या आवाजात खरखर होती. धाकटीला डोळ्यांना न दिसणारी चीर होती. दोघीही पुन्हा भट्टीत गेल्या. मी मधली. माझा नाद विरेपर्यंत तो गप्प बसला आणि मग बायकोला म्हणाला, "ही खोटं बोलायची नाही." याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. त्या भट्टीची भीतीही आहे. ती मात्र कधी कुणाला सांगितली नाही.

पुढे एका शाळेच्या व्हरांड्यात माझी नेमणूक झाली. बावीस वर्षं शाळेत काढली, पण वर्गात पाऊल टाकलं नाही. खिडकीतून बाहेर आलं तेवढंच माझं शिक्षण. पाढे बारापर्यंत येतात, तेराचा सुरू झाला की तास संपायचा. तेव्हा बोलण्यात काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी माझं काही अडत नाही.

मला वाजवायची ती शाळेची शिपाईबाई. सगळे तिला मावशी म्हणत. अंगाने काडी, पण टोला असा घालायची की मैदानाच्या टोकाचं पोरसुद्धा धावत यायचं. एकदा प्रयोगशाळेतून धूर येऊ लागला. त्या दिवशी मोठे पाहुणे आले होते आणि ते जाईपर्यंत घंटेला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. मावशीने कुणाला विचारलं नाही. तीनशे मुलं बाहेर आली. त्यांत तिचाही मुलगा होता. नंतर तिने बोलणी खाल्ली, ती मान वर ठेवून. विजेची घंटा आल्यावर मी अडगळीत पडले, तेव्हा तिनेच मला मागून घरी नेलं.

तिचा तोच मुलगा पुढे शिकला आणि त्याने कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय, तर सायकलवाल्याच्या दुकानावरची एक खोली, एक लांब टेबल आणि पाच माणसं. मनगटावर बांधायची एक पट्टी ते बनवत होते. एकटं राहणारं म्हातारं माणूस घरात पडलं, तर पट्टीला ते आपोआप कळावं आणि मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवर निरोप जावा, अशी ती युक्ती. मावशी एकदा न्हाणीघरात पडून चार तास तशीच राहिली होती. त्यातून त्याला ते सुचलं.

पहिल्याच दिवशी त्याने मला दाराशी टांगलं आणि खाली पुठ्ठ्यावर लिहिलं, 'चूक दिसली की मला वाजवा.' नियम असा, की घंटा वाजली की सगळ्यांनी हातातलं काम ठेवायचं आणि टेबलाभोवती जमायचं. चूक शोधायची, माणूस शोधायचा नाही. पहिला टोला त्याने स्वतःच्याच चुकीसाठी दिला. सगळ्यांसमोर कान धरून म्हणाला, "बघा, मालकच गाढव निघाला!" खोली हसून हसून वाकडी झाली.

तिथे पट्ट्या तपासायला एक मुलगी होती. आवाज इतका बारीक की तिला चिमणी म्हणत. तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, म्हणून ती माझ्या तोंडून बोलायची. पहिल्या आठवड्यात तिने मला नऊ वेळा वाजवलं. एक म्हातारे तारा जोडणारे काका होते, ते कुरकुरले, "ही पोरगी आपल्याला कामच करू देत नाही, दादा."

दादा म्हणाला, "काका, आपलं काम तीच तर करतेय. चिमणे, अजून वाजव!"

हो, तेव्हा सगळे त्याला दादा म्हणत. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग पट्टीचं नाव झालं. आम्ही काचेच्या इमारतीत आलो, पाचाची दीडशे माणसं झाली. त्याच वर्षी मावशी गेली. त्याला 'अरे' म्हणणारी एकच होती, तीही उरली नाही. एकदा कंपनीत पैसा घालणारे काही पाहुणे आले आणि नेमकं तेव्हाच मला दोनदा वाजावं लागलं. एक पाहुणा हसत म्हणाला, "बरीच चुकतात हो तुमची माणसं!" मी दादाचा चेहरा पाहिला. कान लाल झाले होते. माणूस लाजेने बिघडतो, मित्रांनो, हे मी तिथे शिकले.

दुसऱ्या दिवशी नवा नियम आला. घंटा वाजवणाऱ्याने घंटेखाली उभं राहायचं आणि चूक कुणाची ते नाव घेऊन सांगायचं. काकांनी भोळेपणाने मला वाजवलं आणि स्वतःचंच नाव सांगितलं. दादा त्यांना सगळ्यांदेखत पाऊण तास बोलला. काका माझ्या खाली उभे होते. संध्याकाळी त्यांचं टेबल रिकामं झालं.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. दादाचा सर झाला, सरांचा साहेब झाला. साहेबाच्या बुटांचा आवाज लांबून आला की दीडशे माणसांची बोटं एकदम चालू लागायची. टाचा जोरात वाजल्या की आज कुणाची तरी पाळी, हे पाणी भरणाऱ्या बाईलासुद्धा कळायचं. भिंतीवर एक मोठा फळा लागला. ज्याचं काम ठीक त्याने हिरवी खूण लावायची, अडलं असेल तर लाल. फळा नेहमी हिरवागार. साहेब पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवायचा. हिरवं दिसलं म्हणजे पीकच असतं असं नाही, हे त्याला कोण सांगणार?

एकदा झाडणाऱ्या बाईच्या काठीचा मला धक्का लागला. मी नुसती किणकिणले. पण सगळा मजला ताडकन उभा राहिला, पांढराफटक. साहेब दारात आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला गप्प करा." तेव्हा ती चिकटपट्टी आली. माझ्या पोटात लोंबणारा लोळा तिने काठाशी घट्ट चिकटवून टाकला. मला ओताऱ्याची भट्टी आठवली. ज्या घंटेचा आवाज कुणाला नको, ती शेवटी तिथेच जाते.

परवाची गोष्ट सांगते. खाली गाड्यांत तीन हजार पट्ट्या भरणं चालू होतं. चार वाजता त्या म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी निघणार होत्या. दुपारी चिमणी सतरंजी अंथरून पट्टी तपासत होती. ती स्वतः पडून बघते, तिची तीच पद्धत. डाव्या कुशीवर, हात अंगाखाली दाबून ती वीस वेळा पडली. सात वेळा निरोप गेलाच नाही. पट्टीवर मात्र प्रत्येक वेळी हिरवा दिवा लागला, 'निरोप पोचला' म्हणून.

ती विभागाच्या प्रमुखाकडे गेली. तो साहेबाला 'हो सर' एवढंच बोलतो म्हणून त्याला माघारी सगळे 'होसर' म्हणतात. दोघं माझ्याच खाली उभे होते.

"सात वेळा गेलाच नाही हो निरोप."

"हळू बोल!" होसरने आधी साहेबाच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं. "कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच. फळ्यावर लाल लावू?"

"लाल? अगं, काकांचं काय झालं, विसरलीस? मला गेल्या आठवड्यातच दिसलं होतं ते. पण मला दोन मुली आहेत, बाई. गाड्या जाऊ देत. मग गुपचूप दुरुस्त करू."

"आणि तोवर डाव्या कुशीवर कुणी पडलं तर?"

"उजव्या कुशीवर पडतील," होसर म्हणाला आणि हसला. तो खाली बघत निघून गेला.

चिमणी काचेच्या खोलीत गेली. दार उघडंच राहिलं होतं. साहेबाने मान वर केली नाही.

"अडचण आणलीस की उत्तर?"

"अडचण, सर."

"मग उत्तर घेऊन ये. चारला गाड्या निघतात."

"हो सर," चिमणी म्हणाली. तीही म्हणाली! ती बाहेर आली तेव्हा साडेतीन वाजले होते.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात एखादी सतत बोलणारी वस्तू किंवा माणूस अचानक गप्प झालं, तर 'बरं झालं, शांतता आली' असं म्हणू नका. जवळ जाऊन बघा. मला काय झालंय हे इतक्या वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

चिमणी माझ्यासमोर किती वेळ उभी होती कोण जाणे. मला तिची भीती कळत होती, आणि खरं सांगते, मलाही तेवढीच भीती वाटत होती. वाजले तर भंगारात जाईन, आणि नाही वाजले तर कुणाची तरी मावशी न्हाणीघरात पडून राहील. चिमणीने नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं आणि ओढलं. मग दोरी धरली.

असा टोला मी शाळेतही दिला नव्हता.

सगळे उभे राहिले. टाचा वाजत आल्या.

"कोणी वाजवली?"

"मी," चिमणी म्हणाली. पुढे तिच्या तोंडून शब्द येईना. तिने पट्टी मनगटावर बांधली, फोन टेबलावर ठेवला आणि सगळ्यांदेखत जमिनीवर डाव्या कुशीवर पडली.

फोन वाजला.

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबाने पाठ फिरवली. चिमणी उठली आणि परत पडली. धप्प. हिरवा दिवा लागला. फोन गप्प. ती तशीच पडून राहिली, हात अंगाखाली, डोळे मिटून. फोन गप्पच. साहेब वळून बघत राहिला. कोपर खरचटलं होतं तरी ती पुन्हा उठली, पुन्हा पडली. हिरवा दिवा. फोन गप्प.

साहेबाने खिशातून आपला फोन काढला. "गाड्या थांबवा. एकही खोकं जाता कामा नये." मग त्याने हलक्या आवाजात विचारलं, "हे अजून कुणाला माहीत होतं?"

आधी होसरचा हात वर गेला. मग खिडकीजवळचा एक. मग एकेक करत सतरा हात. साहेब ते मोजत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. एवढ्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच घाबरलेला पाहिला.

"अरे, मग मला कुणी सांगितलं का नाही?"

माझा लोळा अजून हलत होता. दोरीला कुणाचा हात नव्हता, तरी मी एकदा वाजले आणि त्याला तोंडावर सांगितलं, "कारण पडलेल्या म्हातारीपेक्षा त्यांना तुझी भीती जास्त वाटते, पोरा. पट्टी त्यांच्या हातून बिघडली, पण ही माणसं तुझ्या हातून बिघडली. पट्टी महिन्याभरात दुरुस्त होईल. यांना किती वर्षं लागतील ते तू मोज."