काळीज उजवीकडे

आमच्या मालिकेची नायिका ही जगातली सगळ्यात मूर्ख बाई आहे. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तिला मीच लिहितो. सेटवर आम्ही सगळे तिला सोसूबाई म्हणतो. नवऱ्याने तिला दोनदा विष घातलं, एकदा गाडीचे ब्रेक कापले, एकदा वेड्यांच्या इस्पितळात सोडून आला. तरी बाई दर वेळी केस विंचरून, ओठ रंगवून दारात हजर! का, तर तो जेवला की नाही ते विचारायला.

बाकीचे काय कमी आहेत? सासूला तीन भिंतींपलीकडची कुजबुज ऐकू येते, पण पायाशी पडलेली विषाची बाटली दिसत नाही. सगळ्या शहरात डॉक्टर एकच. तोच बाळंतपण करतो, तोच मेंदू उघडतो, आणि बाहेर येऊन चष्मा काढतो. चष्मा काढला की पेशंट गेला, एवढंच त्याचं शिक्षण. आणि नवरा, आमचा राजबिंडा! खोली रिकामी असली की स्वतःचा बेत स्वतःलाच मोठ्याने सांगणारा खुनी तुम्ही कुठे पाहिलाय? मी रोज लिहितो. लोक रोज बघतात. बघणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, कारण त्यांच्यावर माझं घर चालतं.

चार महिन्यांपूर्वी माझी ताई माझ्याकडे राहायला आली. उजवं मनगट मोडलेलं होतं. डॉक्टरांना तिने सांगितलं, जिन्यावरून पाय घसरला. एक्स-रेच्या रांगेत बसल्यावर मला हळूच म्हणाली, "ढकललं रे. सातव्या पायरीवरून. या वेळी ढकललं." 'या वेळी' म्हणजे आधीही काही ना काही झालं होतं. बावीस वर्षं संसार झाला होता आणि मला पत्ता नव्हता. भावोजींचं फरशांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी इतकं गोड बोलतात की एका बाथरूमसाठी आलेला माणूस तीन खोल्यांच्या फरशा घेऊन जातो. आता एकच गोष्ट महत्त्वाची होती. ताई परत जायला नको. गेली असती तर पुढच्या वेळी नुसत्या मनगटावर भागलं नसतं.

रोज साडेसातला आम्ही दोघं मालिका बघायचो. प्लास्टर निघाल्यावर मनगटासाठी तिला रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. ती चेंडू दाबत दाबत सोसूबाईची सालटी काढायची. "अगं बये, ऊठ की! अक्कल कुठे गहाण टाकलीस?" मला बरं वाटायचं. सोसूबाईला हसणारी बाई स्वतः सोसूबाई होणार नाही, असा माझा हिशेब होता.

मग राजबिंड्याला साबणाची जाहिरात मिळाली. कंपनीचं म्हणणं पडलं की आमच्या साबणाचा माणूस बायकोला विष घालताना दिसायला नको. वाहिनीच्या मॅडमचा फोन आला, "त्याला रडव. माफी मागू दे. उद्या शूट आहे." कशावरून रडवू, विचारलं तर म्हणाल्या, कशावरूनही. चाळीस मिनिटांत लिहून टाकलं. राजबिंड्याला पाच शब्दांपुढचं वाक्य पाठ होत नाही, म्हणून सगळी वाक्यं तोकडी. "मी माणूस नव्हतो. मी दगड होतो. तू या दगडाला पाझर फोडलास. इथे बघ. इथे तूच आहेस." 'इथे' म्हणताना हात काळजावर.

आता शर्टाच्या आत डावीकडे माईक चिकटवलेला असतो. याने छातीवर हात मारला की धाडकन आवाज यायचा. चौथ्या वेळी आवाजवाला कानावरचे हेडफोन काढून ओरडला, "हात उजवीकडे मार रे बाबा!" त्याने मारला. मी म्हणालो, "अहो, काळीज उजवीकडे कुणाचं असतं?" दिग्दर्शक म्हणाला, "बघणाऱ्यांना कुठे कळतंय?" आणि तेच ओके झालं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मी हसायच्या तयारीत बसलो होतो. ताई हसली नाही. चेंडू तिच्या मुठीत तसाच राहिला. भाग संपल्यावर म्हणाली, "चांगलं लिहिलंस," आणि कपड्यांच्या घड्या घालायला आत गेली. मी आपला खूश.

रविवारी अकराच्या सुमाराला बेल वाजली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, ताईने दार उघडलं. बाहेरून आवाज आला, "मी माणूस नव्हतो. मी दगड होतो." मला वाटलं टीव्ही चालू राहिलाय. गाळणं हातात घेऊन बाहेर आलो तर दारात भावोजी! इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत पाणी, आणि हात छातीवर. उजवीकडे.

माझं डोकं फिरलं. "भावोजी, काळीज डावीकडे असतं," मी म्हणालो.

त्यांनी हाताकडे बघितलं आणि तो मुकाट्याने डावीकडे नेला.

"अहो, ही माझी वाक्यं आहेत! त्या नटाच्या शर्टात माईक होता म्हणून त्याने हात तिकडे नेला. तुम्हाला कुणी माईक लावलाय?"

कुणीही लाजेने खाली बघितलं असतं. हे नाही. "असतील तुझी," ते म्हणाले. "मला असं बोलता येत नाही, म्हणून तर पाठ केलं. तीन दिवस दुकानात बसून पाठ केलं."

मी ताईकडे वळलो. "ऐकलंस ना? चोरलंय सगळं!"

"मला पहिल्या वाक्यालाच कळलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण पाठ तरी केलं ना रे. बावीस वर्षांत माझा वाढदिवस पाठ झाला नाही यांना."

ती आत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. भावोजी आपल्याच घरी आल्यासारखे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा झाला असेल तर दे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चहा दिला. काय करावं मला सुचत नव्हतं.

ताई बॅग घेऊन बाहेर आली. दाराशी थांबून मला म्हणाली, "पुढे काय होतं रे त्यात?"

पुढची कथा बाहेर सांगायची नाही अशी करारात अट आहे. ताईने आजवर शंभरदा विचारलं असेल, मी कधी सांगितलं नव्हतं. आता म्हटलं, करार गेला खड्ड्यात. "पुढच्या महिन्यात साबणाची जाहिरात संपते. घरात फार दिवस सुख असलं की बघणारे घटतात. तो पुन्हा मूळपदावर येतो, तिला जिन्यावरून ढकलतो."

"आणि ती?"

"माफ करते."

भावोजी हसले. "काहीही लिहितोस तू!"

ताईने त्यांच्याकडे बघितलंच नाही. "कितव्या पायरीवरून?"

"सातव्या," मी म्हणालो.

तोंडातून गेलं तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. लिहिताना मला पायरी हवी होती, आकडा हाताशी होता, मी उचलला. भावोजींचा कप हवेत थांबला. सातवी पायरी आम्हा तिघांशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

"तुम्ही जा," ताई त्यांना म्हणाली. आवाज चढवला नाही. ते उठले, दोन शिव्या दिल्या आणि दार धाडकन आपटून गेले. तेवढं मात्र त्यांना पाठ करावं लागलं नव्हतं.

मला हायसं वाटलं. मी बॅग उचलायला गेलो. तिने माझा हात बाजूला केला.

"तो तुझी वाक्यं चोरतो म्हणून तुला केवढा राग आला," ती म्हणाली. मग माझ्याकडे तिने असं बघितलं की मी मान खाली घातली. सोसूबाईकडे मी रोज तसंच बघतो.

ती तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेली. आता शिवणवर्गाच्या वरची खोली भाड्याने घेतलीय असं ऐकतो. माझा फोन उचलत नाही. जिना काढून टाका म्हणून मी मॅडमच्या पाया पडायचा बाकी राहिलो. त्या म्हणाल्या, सेट उभा राहिलाय, अकरा पायऱ्या आहेत, हवी तर पायरी बदल. मी पाचवी केली. सोसूबाई पडली, तिने माफ केलं, बघणारे वाढले.

काल ताईला माफीचा मेसेज लिहायला बसलो. चार वेळा लिहिला. मी माणूस नव्हतो, असंच काहीतरी दर वेळी यायला लागलं, तोकडं तोकडं, रडायला जागा सोडलेलं. चारही खोडले. मग पुढच्या भागाचे संवाद लिहायला घेतले, ते सकाळी सेटवर हवे होते.