पूर तार गुंडाळत नाही

"कुंपण पुरानं नेलं म्हणता," मार्लिस व्होंड्रा म्हणाली, "मग ही तार गुंडाळली कोणी?"

कोठाराच्या भिंतीला काटेरी तारेची सहा वेटोळी नीट टेकवून ठेवली होती. शेजारी चाळीस लाकडी खांब. आणि कुरणाच्या कडेनं चाळीस ताजी भोकं, ओळीनं, सारख्या अंतरावर. मार्चमध्ये नदीनं बर्फाच्या लाद्यांसकट येऊन अख्खा परगणा खरवडून नेला होता, पण असा नीटनेटका पूर मार्लिसनं शेतांच्या नुकसानीची पाहणी करण्याच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. धडधाकट कुंपण उपटून सरकारकडून नवं मागणारे मात्र पाहिले होते. त्यातला एक तर रविवारी चर्चमध्ये दानपेटी फिरवायचा.

लूमिर स्टानेकनं टोपी काढली, परत घातली. "चहा घेतेस?"

"खांबांच्या टोकांना निळा रंग आहे. तुमचे नाहीत हे."

"शेजारच्या जेलिनेकचे आहेत."

"त्याला ठाऊक आहे?"

"त्यानंच रोवले होते." म्हातारा भोकांकडे बघत राहिला. "रविवारी मी बायकोला, एलाला, इस्पितळात घेऊन गेलो होतो. संध्याकाळी येतो तर कुंपण उभं. चर्चमधले चौदा जण येऊन गेले. पायरीवर कसलीशी खीरही ठेवली होती. पोरी, मला रडू आलं, आणि मग घाम फुटला."

"घाम कशाला?"

त्यानं खिशातून मार्लिसच्याच कचेरीचा कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला. 'पाहणीपूर्वी काम सुरू केल्यास मदत मिळणार नाही.' खाली पेन्सिलीची रेघ.

"गवताच्या कुरणावर दोन-दोन फूट वाळू बसलीय. ती काढायला पाऊण खर्च तुम्ही देणार, तरच माझ्या गाई राहणार. नाहीतर पुढच्या बाजारात विकायच्या. म्हटलं, पुरानं ठेवलं तसंच तुला दिसलं पाहिजे. तीन दिवस साखळी बांधून ट्रॅक्टरनं खांब उपटले."

त्याच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मार्लिसला त्या मघाशीच दिसल्या होत्या. तेव्हा तिनं मनात वेगळंच टिपून ठेवलं होतं.

"लूमिर, तो नियम ज्या कामाला हात लागला तेवढ्यापुरता असतो. कुंपण उभं राहिलं तेव्हाच कुंपणाची मदत गेली. आता उपटूनही ती येत नाही."

"आणि वाळू?"

"वाळूला कोणी हात लावलेला नाही. तिचा अर्ज मी आजच पाठवते."

त्यानं कागद घडी घालून परत खिशात ठेवला. "म्हणजे कुंपण तसंच राहू दिलं असतं..."

"तरी चाललं असतं. फोन करायचात ना."

"केला होता. तुमचं यंत्र म्हणालं, एक दाबा. दाबलं. मग म्हणालं, दोन दाबा." तो कसनुसा हसला. मग एकदम गंभीर झाला. "आज गुरुवार ना? रविवारच्या आत कुंपण उभं राहायला हवं. जेलिनेक चर्चला याच रस्त्यानं जातो. त्याचं काम मी उपटून टाकलं, हे त्याला दिसता कामा नये."

मार्लिसनं अर्जाच्या कुंपणाच्या रकान्यावर काट मारली. खरं ते लिहिलं. तिला साडेतीनला पुढच्या शेतावर पोचायचं होतं. तिनं गाडीतून हातमोजे आणले.

लूमिरनं पहिला खांब उचलला, टोकाच्या निळ्या रंगावरची माती बाहीनं पुसली आणि भोकात सोडला.

खांब बरोबर बसला.