दुधनेच्या वाळूतलं जहाज

परतुरात ताबूत करावा तर ख्वाजामियाँनी, असं सगळेच म्हणत. बांबूच्या कामट्या सोलायच्या, खळ शिजवायची, कागद असा बसवायचा की सांधा शोधून सापडू नये. आणि मोहरमच्या दहाव्या दिवशी हे सगळं डोक्यावरून नेऊन दुधनेच्या पाण्यात थंडं करायचं. आपलं केलेलं आपणच बुडवताना त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. मात्र दुष्काळाच्या त्या वर्षी नदीत बुडवायला पाणीच नव्हतं. ताबुतावर घागरभर पाणी शिंपडून वेळ मारून नेली, आणि मोहरम संपतो न संपतो तोच चांगुणाबाई दारात आली.

चांगुणाबाईचा मच्छिंद्र आरमारात होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं जहाज समुद्रात बुडालं. तार आली, देह आला नाही. शेवटच्या सुटीत पोरगा सहज बोलून गेला होता, की समुद्राचं पाणी तोंडात धरवत नाही, इतकं खारं असतं. तेवढंच तिच्या मनात रुतून बसलं. तार आल्यापासून ती एकदाही रडली नाही. रोज सांजच्याला उंबऱ्यावर तांब्याभर गोडं पाणी ठेवायची, बस. एका घागरीसाठी बाया कोसभर चालत असताना ही भरला तांब्या उघड्यावर ठेवते, म्हणून गल्ली तिला नावं ठेवी. गल्लीला काय, नावं ठेवायला पाणी थोडंच लागतं.

"उंबऱ्यावर पानी ठेवून राह्यले," ती म्हणाली, "पन तो तिथं न्हाई ना, भाई. तुम्ही त्याचं जहाज करून द्या. घरात ठेवते, अन् पानी त्याच्यापाशी ठेवते."

ख्वाजामियाँनी शब्द दिला. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. हाती होता एक फोटो, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारचा, चांगुणाबाईनं खिळ्यावरून काढून आणलेला: जहाजाच्या मागच्या कठड्याला टेकून उभा मच्छिंद्र, पांढरी टोपी, तोंडभर हसू. शिवाय त्यानंच आणलेल्या कॅलेंडरवर अख्ख्या जहाजाचं चित्र. मियाँनी माणूस काडेपेटीतल्या काडीएवढा धरला आणि त्या मापानं बाकीचं बेतलं: कठडा माणसाच्या कमरेला, तोफ पाच माणसांएवढी लांब, डोलकाठी त्याहून उंच. जहाजाच्या फासळ्या कामट्यांच्या, तोफा छत्रीच्या काड्यांच्या, साखळदंड जुन्या गळसरीचे. समुद्र कागदाच्या लगद्याचा, त्यावर कपड्यांची नीळ. लाटा मात्र नांगरलेल्या रानासारख्या झाल्या, कारण मियाँनी उंचसखल असं दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं. खलाशी एकेक करून डेकवर उभे राहिले. शेवटी मागच्या कठड्याशी मच्छिंद्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्र ओला होता.

बाकीचे खलाशी खडखडीत कोरडे. याचे तेवढे कागदाचे कपडे भिजून अंगाला चिकटलेले, आणि पायाखालची नीळ विरघळलेली. खळ सुकली नसेल, म्हणून मियाँनी नवा बाहुला केला. तोही सकाळी ओला. बाहेर असं ऊन, की थुंकी जमिनीवर पडायच्या आत वाळावी. त्यांनी बाहुल्यावरचा एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. खारट.

त्यांची बायको लालबी जहाजापाशी येऊन बसली. तिनं एवढंच विचारलं, की पहिली कामटी उचलताना फातिहा म्हटली होती काय? मियाँ चपापले. ताबुताचं काम मांडताना पहिल्या कामटीवर फातिहा म्हणायची, हा त्यांच्या घरातला रिवाज. इतक्या वर्षांत असं झालं होतं, की हात बांबूला लागला की ओठ आपोआप हलत. जहाजाच्या वेळीही हलले होते. म्हणजे हे खेळणं राहिलं नव्हतं, ताबूत झाला होता. आणि ताबूत घरात ठेवत नाहीत. तो थंडा करावाच लागतो.

आता आली का पंचाईत? शब्द पाळावा, तर तिच्या घरात रोज ओलं होणारं पोर नेऊन ठेवायचं. मोडावा, तर जिचा मुलगा बुडून मेला तिलाच सांगायचं, की याला बुडवू. ते तिच्याकडे गेले आणि काही न लपवता सगळं सांगून मोकळे झाले.

"एकदा बुडाला तेवढं बास न्हाई का?" चांगुणाबाईनं विचारलं.

मियाँ हळूच म्हणाले, की दुधनेत थेंब नाही. कोरड्या वाळूत ठेवू. पाणी त्याला शिवणार नाही.

त्यावर ती कशीबशी तयार झाली.

दिवस कलताना दोघं नदीत उतरली. मियाँच्या डोक्यावर जहाज, तिच्या हातात भरला तांब्या. पात्रात जिकडेतिकडे पाण्यासाठी झिरे खोदून सोडलेले, पुरुषभर खोल आणि कोरडे ठाक. पल्याडच्या काठानं बाया घागरी घेऊन पाण्याच्या शोधात फिरत होत्या. मियाँनी गुडघाभर खड्डा केला आणि जहाज अलगद आत ठेवलं. चांगुणाबाईनं काठाशी तांब्या ठेवला. मियाँनी वाळू लोटायला फावडं उचललं आणि तसेच थांबले.

खड्ड्याचा तळ काळा पडत होता. मग वाळूतून पाणी पाझरलं, बघता बघता वाढलं. जहाज हललं, उचललं गेलं, तरंगायला लागलं.

मियाँ घाबरून त्याला बाहेर काढायला वाकले. चांगुणाबाईनं त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं तिनं खड्ड्यातलं ओंजळभर पाणी घेतलं, तोंडाला लावलं. मियाँच्या जिभेवर अजून ती खारट चव होती.

"गोड हाय," ती म्हणाली.

कागद मऊ पडला होता. कठडा वाकला आणि मच्छिंद्र ओठापर्यंत पाण्यात गेला. चांगुणाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

तेवढ्यात पाणी लागल्याचं बघून पल्याडच्या बाया धावत आल्या, घागरी बुडवायला वाकल्या. चांगुणाबाईनं हात आडवा धरला.

"जरा थांबा," ती म्हणाली. "माझं लेकरू पिऊन राह्यलंय."

आणि सकाळपासून पाण्यासाठी वणवण केलेल्या त्या बाया रिकाम्या घागरी कडेवर घेऊन थांबल्या.