तीन टेम्पो आणि एक बारसं

प्राची सावंतने हितेंद्रच्या केटरिंगसाठी अ‍ॅप लिहून दिलं, त्याला चार वर्षं झाली होती. ऑर्डर आली की लालबागच्या किचनमधल्या टॅबवर ती लाल दिसायची. जेवण पोचवून ड्रायव्हरने फोनवर ‘पोचलं’ दाबलं की हिरवी व्हायची. आणि वेळ टळून गेली तरी कोणी दाबलंच नाही, तर ऑर्डर पुन्हा वर येऊन घंटी वाजवायची. ही घंटीची कल्पना प्राचीची. तिचा तिला फार अभिमान.

मध्यंतरी ती हितेंद्रला म्हणाली होती, “दादा, फोनची सिस्टीम बदलतेय. अ‍ॅप एकदा नव्या फोनवर बघायला हवं.”

“चालतंय ना? मग कशाला हात लावतेस?” हितेंद्र म्हणाला. प्राचीकडे दुसरी कामं होतीच. विषय तिथेच राहिला.

दसऱ्याला हितेंद्रने हौसेने तिन्ही ड्रायव्हरना नवे फोन दिले. प्राचीला सांगायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी गिरगावात गंगाधर पेंडशांच्या नातीचं बारसं होतं. ड्रायव्हर वैभवने मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी सगळं वेळेत उतरवलं, ‘पोचलं’ दाबलं आणि चहाला गेला. इकडे किचनमध्ये घंटी वाजली. स्वयंपाक बघणाऱ्या जाईबाईंनी टॅबकडे पाहिलं. पेंडसे, लाल.

“अरे देवा, जेवण खंय पडला की काय!” त्या म्हणाल्या. हितेंद्र दादरला फुलं आणायला गेला होता आणि वैभव फोन उचलत नव्हता. शेजारच्या पातेल्यांत परळच्या एका लग्नाचं जेवण तयार होतं. बारशाला आलेली माणसं उपाशी कशी ठेवायची? जाईबाईंनी त्यातलंच भरून दुसरा टेम्पो पाठवला.

थोड्या वेळाने घंटी पुन्हा वाजली. तिसरा टेम्पोही निघाला.

हितेंद्र परतला तेव्हा लग्नाची अर्धी पातेली रिकामी होती. त्याने प्राचीला फोन लावला. “तुझ्या अ‍ॅपला वेड लागलंय. पेंडशांकडे तिसऱ्यांदा जेवण चाललंय, आणि परळचे वऱ्हाडी दीडला पानावर बसणार!”

“तिसरा टेम्पो आहे तिथूनच परळला वळवा,” प्राची म्हणाली, “आणि वैभवला म्हणावं, गिरगावातच थांब.” लॅपटॉप घेऊन ती भोईवाड्याहून टॅक्सीने निघाली. गिरगाव येईपर्यंत एकच प्रश्न डोक्यात होता. कालपर्यंत नीट चालणारं बटण आज असं का वागतंय?

वैभव टेम्पोला टेकून उभा होता. “मी दाबलं गं, आईशप्पथ. दाबलं की अ‍ॅप बंद होतं. मला वाटलं, काम झालं म्हणून बंद होतंय.”

“दाखव.” तिने फोन हातात घेतला. “नवा आहे हा?”

“दादांनी दिला. मस्तय ना?”

फोन मस्तच होता. त्याचा पडदा पार काठापर्यंत गेलेला, आणि अगदी तळाला फोनची स्वतःची पट्टी. प्राचीचं बटण नेमकं त्या पट्टीखाली दडलं होतं, वरची हिरवी कड तेवढी दिसत होती. तिथे बोट लागलं की फोन अ‍ॅपमधून बाहेर पडायचा. तिला हसू आलं आणि लाजही वाटली.

टेम्पोत बसूनच तिने बटण वर सरकवलं आणि नवं अ‍ॅप तिन्ही फोनवर पाठवलं. “आता दाब.” वैभवने दाबलं. प्राचीने किचनला लावलेल्या फोनवर जाईबाईंचा आवाज आला, “हिरवा झाला गो बाय!”

आता राहिले पेंडसेकाका. प्राची जिना चढून वर गेली. दुसऱ्या टेम्पोतलं जेवण काकांनी एव्हाना वाडीभर आमंत्रण धाडून वाढायलाही घेतलं होतं. गॅलरीत पंगत बसली होती.

“काका, सॉफ्टवेअर माझं आहे. चूक माझीच.”

“चूक?” काका म्हणाले. “अहो, समोरच्या बिऱ्हाडकरूशी आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. जिलेबी बघून तो मुलाबाळांसकट आला. बसा तुम्हीही.”

ती बसली. पाळण्यात रुचा नाव ठेवलं गेलं तेव्हा प्राचीच्या तोंडात जिलेबी होती. परळच्या लग्नातही निभावलं. तिसरा टेम्पो वेळेत पोचला, आणि कमी पडलेला भात जाईबाईंनी घाईघाईने पुन्हा चढवला.

संध्याकाळी हितेंद्र म्हणाला, “हे असं दर वेळी बघायला लागणार का गं?”

“फोन बदलत राहणार, दादा. आपणही त्यांच्यामागे धावायचं.”

“मग सोमवारी ये. सगळ्यांचे फोन बघून टाक.”

सोमवारी किचनच्या ओट्यावर सगळ्यांचे फोन मांडलेले होते. जाईबाईंच्या फोनवर बेसन सुकलं होतं. प्राचीने आधी तोच उचलला, ओढणीने पुसला आणि कामाला लागली.