मंजनवाल्या नत्थूचा आवाज

नत्थूचा गळा हेच त्याचं दुकान होतं. बाभळीच्या सालीचा कोळसा, लवंग, कापूर आणि मीठ कुटून केलेलं काळं मंजन बाजारात आणखीही दोघं-तिघं विकायचे, पण गिऱ्हाईक पुडीपेक्षा नत्थूच्या बोलण्यावर भाळायचं. दुपार होईतो गळा बसायचा. म्हणून त्याने एक टेपरेकॉर्डर आणला आणि अल्लीपूरच्या आठवडी बाजारात तो चालू ठेवून आपलं ओरडणं भरून घेतलं. पुढच्या बाजारापासून कॅसेट भोंग्यातून ओरडू लागली आणि नत्थू शेजारी बसून चहा पिऊ लागला.

तो चहा त्याला फार दिवस लाभला नाही. चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत ताप छातीत उतरला आणि दवाखान्यात नेईतो सगळं आटोपलं. बोरगाव मेघे गावातल्या घरी माणसं पंचशील म्हणून परतली. मागे उरली त्याची बायको सुलोचना, आणि कुटून ठेवलेलं मंजन.

महिनाभराने सुलोचना अल्लीपूरला गेली. तिला ओरडता येत नव्हतं. लाज वाटे. तिने भोंगा बांबूला बांधला, कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

"या माय, या काका! दात हालून राह्यले? हिरड्या सुजून राह्यल्या? घ्या नत्थूचं मंजन, म्हातारपणी चणे फोडा!"

मिरच्यांच्या ढिगामागची बाई उठून उभी राहिली. कोणीतरी हातातली भाजी तशीच धरून थबकलं. थोड्या वेळाने माणसं एकेक करून जवळ आली. गावातली वयस्कर शेतकरीण रुख्माबाई सगळ्यांत पुढे होती. तिने पदर डोक्यावर सारखा केला आणि भोंग्याकडे पाहून विचारलं, "कसा हायेस रे नत्थू?"

"मस्त हाये माय, एकदम मस्त," भोंगा म्हणाला. "तुम्ही आपल्या दाताचं सांगा!"

कोणी हसलं नाही. सुलोचनाच्या हातातली पुडी सांडली. ते शब्द टेपवरच होते, कोणा जुन्या ओळखीच्याला नत्थूने दिलेलं ते उत्तर होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तरीही तिने वळून भोंग्याकडे पाहिलं. रुख्माबाईने मात्र समाधानाने मान हलवली आणि दोन पुड्या घेतल्या.

त्या दिवशी सगळं मंजन खपलं.

मग हे दर बाजारी होऊ लागलं. माणसं भोंग्याशी भाव करायची आणि भोंगा म्हणायचा, "तुमच्यासाठी कमीच लावला ना काका!" कोणी हरवलेल्या बैलाचं विचारलं तर, "मांगं काऊन उभे? समोर या, समोर!" आणि बैल गावाच्या समोरच्या नाल्यात सापडला म्हणे. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात व्यापार-उदिमाच्या गमतीजमती सांगणारं एक सदर यायचं. त्याच्या लेखकाने अल्लीपूरला येऊन हा प्रकार पाहिला आणि चविष्ट मजकूर लिहिला. कचेरीत नोकरीला असलेला सुलोचनाचा धाकटा भाऊ प्रेमदास तो अंक घेऊन आला आणि मोठ्याने वाचू लागला.

"'बड्या कंपन्या नटनट्यांना पैसे मोजून थकल्या. वर्धा जिल्ह्यातल्या एका विक्रेत्याने मात्र मरणानंतरही धंदा सोडलेला नाही. पगार नाही, रजा नाही, संप नाही. असा नोकर कोणाला नको?'" प्रेमदासला हसू आलं. सुलोचनाचा चेहरा पाहून ते विरलं. "ताई, तू भेतेस का? आपण भूतबित मानत नाई."

"मी कुठं मानते?" सुलोचना म्हणाली. "पण बाजार उठला का मलेच बटण दाबावं लागते ना रे. तो बोलता बोलता मधातच बंद होते. मले वाटते, दर बाजारी मीच त्याले..."

त्या मजकुरामुळे वर्ध्याचे प्रभाकरराव दारात आले. साबण, तेल, अगरबत्तीची त्यांची मोठी एजन्सी होती आणि आता ते स्वतःचं मंजन काढणार होते. "बाई, आवाज आम्हाले द्या," ते म्हणाले. "कॅसेटच्या नकला करू, जत्रेजत्रेत वाजवू. तुम्हाले घरबसल्या मिळत राहीन."

सुलोचनाने फार विचार केला नाही. दुसऱ्या कोणाच्या हाताने बटण दाबलं जाईल, एवढंच तिला दिसलं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मधुकररावांच्या दुकानात भर दुपारी दोन यंत्रं जोडली. एकातून नत्थू खणखणीत ओरडला. प्रभाकररावांनी मांडीवर थाप मारली. मग मधुकररावांनी नवी भरलेली कॅसेट लावली.

बाजार ऐकू आला. बैलाच्या गळ्यातली घंटा, सायकलची घंटी, नारळ फोडल्याचा आवाज, माणसांची गर्दी. सगळं लख्ख. नत्थू नव्हता.

"वायर ढिली असन," प्रभाकरराव म्हणाले.

मधुकररावांनी वायर बदलली, कॅसेट बदलली, शेवटी यंत्रं अदलाबदल केली. पुन्हा तेच. आवाज खराब नव्हता, फक्त एक माणूस त्यातून उठून गेला होता. तो बोलायचा त्या जागी बाजार चालूच होता. मध्येच माणसं खो खो हसायची, कोणाला तरी उत्तर द्यायची, "द्या मंग एक पुडी!" आणि आधी कोणीच काही म्हटलेलं नसायचं.

मधुकररावांनी यंत्र बंद केलं आणि हात पंच्याने पुसले. "शेकड्यानं रेडिओ उघडले मी," ते हळूच म्हणाले, "असं नाई पाह्यलं."

प्रभाकररावांनी मूळ कॅसेट आणि नकला, सारं सुलोचनाच्या पिशवीत टाकलं. "घेऊन जा बाई. माह्या गोडाऊनात हे नको." निघताना त्यांनी उंबऱ्यावर चप्पल उलटी घातली आणि तशीच फरफटत नेली.

घरी आल्यावर सुलोचनाने दार उघडंच ठेवलं. उन्हं आत आली होती. तिने नत्थूशिवायची ती नक्कल लावली आणि रेकॉर्डरला कान लावून बसली. भीती होतीच, पण नवरा कुठून उठून गेला ती जागा तिला पाहायची होती.

बाजार सुरू झाला. घंटा, सायकल, हसणं. मग अगदी खालून, गर्दीच्या तळाशी, एक बाई बोलत होती. आवाज बारीक, लाजरा.

"मंजन घ्या... लवंगाचं मंजन... बाई, तुम्ही घ्या ना."

तो सुलोचनाचाच आवाज होता. त्या दिवशी ती नत्थूशेजारी बसून पुड्या बांधत होती, एवढंच तिला आठवत होतं. आपण ओरडलो होतो हे ती साफ विसरली होती. नत्थूच्या गळ्याखाली ते कधी कोणाला ऐकूच गेलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. तिने कॅसेट पुन्हा मागे नेली. पुन्हा ऐकली. बाहेर शेजारीण सीताबाई धान्य पाखडत होती, ती सूप खाली ठेवून म्हणाली, "कोण आलं वं?"

"कोणी नाई," सुलोचना म्हणाली. "मीच हाओ."

पुढच्या बाजारी तिने रेकॉर्डर घरीच ठेवला. प्रेमदासने कुठूनसा माईक आणून भोंग्याला जोडला. पहिला शब्द घशातच अडकला. दुसरा निघाला.

"मंजन घ्या... लवंगाचं मंजन!"

रुख्माबाई पुढे आली. "नत्थू कुठं हाये?"

"तो नाई आला, माय. आज मी आली."

रुख्माबाई पुडी न घेता तिथेच उभी राहिली. मागची निम्मी गर्दी कुरकुरत पांगली. कौतुक पाहायला आलेली माणसं तर लगेच एस.टी.कडे वळली. सुलोचना थांबली नाही. दात हालतात, हिरड्या सुजतात, सारं सांगत गेली. सांगता सांगता दम लागला म्हणून तिने माईक खाली केला.

त्या क्षणी समोरची माणसं हसली. रुख्माबाईसुद्धा, तोंडाला पदर लावून, खो खो.

प्रेमदासने चमकून बहिणीकडे पाहिलं. ती काहीच बोलली नव्हती. हसणाऱ्यांपैकी एकाने डोळे पुसले आणि हात पुढे केला, "द्या मंग एक पुडी!"

सुलोचनाने हसणं ओसरेपर्यंत वाट पाहिली, पुडी त्याच्या हातावर ठेवली, आणि माईक पुन्हा तोंडाशी धरला.