हंडी फुटली तेव्हा विषप्रभा जिवंत होती

देवस्थान समितीने सभामंडपातील फळ्यावर लावलेली सूचना अशी होती: "यंदाच्या जत्रेत दहीकाल्याची हंडी फुटेपर्यंत राणी विषप्रभेचा वध झाला नाही. कु. सेजल परब यांची मोबाईलवरील कादंबरी वाचून कलाकार श्री. शिवदास यांची बुद्धी भ्रमित झाल्याने हे विघ्न ओढवले. हा प्रकार आपल्या हातून अजाणता घडला, असे सेजल यांनी देवासमोर नारळ ठेवून सांगावे."

पहिले वाक्य खरे आहे. पेडण्याकडच्या जत्रेतील दशावतारी नाटक पहाटे हंडी फोडून संपते आणि त्याआधी दुष्टाने मरावे, असा रिवाज आहे. यंदा विषप्रभा मेली नाही. उगवत्या उन्हात ती मुकुटासह उभी राहिली, ऋषीच्या वेषातील गोकुळदास तिच्यासमोर तोंड उघडून थांबले, आणि अखेर सूर्य कोणासाठी थांबत नाही म्हणून कोणीतरी हंडी फोडून टाकली.

उरलेली दोन वाक्ये ज्याने लिहिली, त्याने आयुष्यभर पहिल्या रांगेत बसूनही नाटक पाहिलेले नाही. दशावताराला लिखित संहिता नसते. रंगपटात मंडळीचा चालक कथानक सांगतो; बोलायचे काय, ते ज्याचे त्याने रंगमंचावर ठरवायचे. एकाने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने तो परतवावा. न परतवता आल्यास कथा जागच्या जागी थांबते. विषप्रभेने यंदा विचारले, "मुनिवर, माझ्या राजाने सात राज्ये जाळली, त्याची तुम्ही आरती केलीत. मी एक वाटी विष कालवले, तर मला नरक? तुमचा धर्म जळालेली माणसे मोजतो, की जाळणाऱ्याच्या मिशा?" गोकुळदासांना उत्तर सुचले नाही. हे विघ्न असेल, तर ते ऋषीच्या बाजूने आले.

बुद्धिभ्रमाविषयी बोलायचे, तर तो आमच्या सगळ्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. सात्त्विक थोरली राणी रडू लागली की मुले आयांच्या मांडीवर झोपी जातात. विषप्रभा येताच आयाच त्यांना हलवून उठवतात. जन्मतःच जिचे असले नाव ठेवून आईबापांनी तिचा शेवट पाळण्यातच ठरवला, तिला पाहण्यासाठी लोक थंडीत बसतात आणि ती मेल्यावर, आपण धर्माच्याच बाजूचे होतो, असे मानत घरी जातात. सेजलने ही लबाडी तेवढी ओळखली. तिच्या कादंबरीत म्हापशाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी डिचोलीच्या रस्त्यावर खनिजाच्या टिप्परखाली सापडते आणि डोळे उघडते ती विषप्रभेच्या देहात. नाटकाचा शेवट तिला पाठ आहे. चांगले होण्याची तिला मुळीच इच्छा नाही. तिला मरायचे नाही, एवढेच. देवस्थानच्या वाचनालयाने ही कादंबरी छापावी, अशी शिफारस गावच्या शाळेतला शिक्षक म्हणून मी केली होती. ती छापायची की नाही, हे आता समितीच्या हाती होते. म्हणून रविवारी दुपारी मी सभामंडपातल्या बैठकीला गेलो; सेजललाही तिथे बोलावले होते.

"सर, तुम्ही मधी पडू नकात," अध्यक्ष कृष्णनाथबाब म्हणाले. "पोरीची जात, चुकली. नारळ ठेवया आणि विषय संपवया."

"आणि माझी बुद्धी?" शिवदास मागून ओरडला. विषप्रभेची भूमिका तोच करतो. दिवसा पार्से गावात माडांची बागायत बघतो. "भ्रमिष्ट म्हणून फळ्यार लिवलंस! मगे इतकी वर्सां राणी कोण करता, तुझो बापूस?"

मंडप हसला. भिंतीला टेकून बसलेले गोकुळदास हसले नाहीत. ते सेजलचे सख्खे काका. जत्रेपासून त्यांनी बाजारात जाणे सोडले होते.

मी शिवदासला फोन दाखवायला सांगितले. त्याने कमरेचा, रबराने बांधलेला, बटणांचा फोन काढला.

"ह्यात कादंबरी वाचता येते?"

"ह्यात फोन येता आणि उजेड पडता, सर."

मी समितीकडे वळलो. ज्याने कादंबरी वाचलीच नाही, त्याची बुद्धी ती वाचून कशी भ्रमेल? प्रश्न शिवदासचा, पराभव ऋषीचा. या मुलीचा संबंध येतो कुठे? युक्तिवादात मला भेग दिसत नव्हती. कृष्णनाथबाबांनाही दिसली नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला.

"मगे झाला तर! पोरीचो दोष नायच. सेजलबाय, 'माका ठावक नव्हता' इतक्याच म्हण. पुस्तक चैत्रात छापून येतला."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. मीही मान हलवून तिला खूण केली. एका वाक्याचा प्रश्न होता. ती उठली. तिने माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत कृतज्ञता नव्हती. गोकुळदासांवर डोळे रोखलेला विषप्रभेचा चेहरा मला आठवला. मग तिने काकांकडे तोंड वळवले. पुढे ती जे बोलली, त्यातील एकही शब्द मी बदललेला नाही:

"माका ठावक होता. शिवदासमामांनी वाचूक नाय, मी त्यांच्या बागायतीत जावन वाचून दाखवलंय. ऋषीक खंय अडवचो, ता मीच सांगलंय, कारण काका तुम्ही खंय अडकतलात ता घरात माझ्यापेक्षा बरा कोणाक ठावक ना. शिवदासमामा नको म्हणी होते; मी हट्ट केलंय. तुम्ही माझा काय एक वायट करूक नाय. माका फकत ती जिंकलेली बघूची होती. पुस्तक छापू नकात. तुम्ही गप रवलात तेव्हा माका बरा वाटला, अजून वाटता, आणि माफी मागलंय तर ती खोटी आसतली."