परत पाठवलेली लेक

त्या शनिवारी पाळकसाहेब दुसऱ्या दिवशीचं प्रवचन लिहीत बसले होते आणि आतल्या खोलीत त्यांच्या बायकोची मापं घेणं चाललं होतं. चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांसाठी नवे झगे शिवायचे होते. ते काम मंडळीतल्याच एका तरुण शिंपिणीनं घेतलं होतं. तिला सगळे चिमणी म्हणत. अंगानं खरंच चिमणीएवढी, पण तिचा सूर लागला की मागच्या बाकावर पेंगणारे म्हातारेही सावरून बसायचे. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न साहेबांनीच लावलं होतं. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. गोड बोलायचा, कुणाची अडचण असो, सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा.

थोड्या वेळानं बायको चिमणीला घेऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"अहो, हिचा हात बघा. टेपसुद्धा धरवत नाहीये तिला."

मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून काळानिळा पडला होता.

"तो मारतो, साहेब," चिमणी जमिनीकडे बघत म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. मला थोडे दिवस तुमच्या मागच्या खोलीत राहू द्या. मशीन तिथेच ठेवीन. कुणाच्या अध्यातमध्यात यायची नाही."

पाळकसाहेब काही वाईट माणूस नव्हते. गटारं साफ करणाऱ्या माणसांना हातमोजे मिळावेत म्हणून त्यांनी मोर्चा काढला होता, दोन दिवस कोठडीतही बसले होते. गरिबाच्या बाजूनं उभा राहतो तोच खरा ख्रिस्ती, असं ते प्रत्येक रविवारी सांगत. रस्त्यावरचा अन्याय त्यांना कोसभरावरून दिसायचा. पण हा अन्याय घरातला होता, आणि घर म्हटलं की त्यांच्या तोंडी वर्षानुवर्षांची वाक्यं तयार असत.

"बेटा, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. देवासमोर बांधलेली गाठ अशी सोडायची नसते. मी बोलतो त्याच्याशी."

"अहो, राहू द्या की पोरीला," बायको म्हणाली.

"एकदा घराबाहेर राहिली की घर तुटतं. तू मध्ये पडू नकोस."

नवऱ्याला निरोप गेला. तो आला तो रडतच. साहेबांच्या पायाशी बसून म्हणाला, "चुकलो. सैतान शिरला होता माझ्यात." साहेबांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. चिमणीनं "आमेन" म्हटलं, पण ते ओठांच्या आतच राहिलं. दारातून बाहेर पडताना तिनं एकदा मागे वळून पाहिलं. साहेबांना वाटलं, पोरीला उपकार वाटताहेत. एक संसार सावरला म्हणून त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

एकविसाव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला.

चिमणीला पांढऱ्या चादरीखाली झाकलं होतं. नवरा सगळ्यांना सांगत होता, "जिन्यावरून पाय घसरला हो तिचा." तिथली जुनी नर्स मंडळीतलीच होती. तिनं साहेबांना बाजूला घेतलं.

"साहेब, जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या गळ्यावर बोटांचे वळ उठत नाहीत. पोलिसांना मी कळवलंय. तुम्हाला काही ठाऊक असेल तर बोला."

समोरच्या बाकावर चिमणीची विधवा आई बसली होती. ती रडत नव्हती. साहेब जवळ जाताच म्हणाली, "माझ्याकडे आली होती ती. म्हणाली, आई, मला ठेवून घे. मी म्हटलं, पाळकसाहेबांना विचार, ते देवमाणूस आहेत, ते सांगतील तसं कर." मग तिनं मान वर केली. "तुम्ही काय सांगितलंत हो तिला?"



दुसऱ्या दिवशी अंत्यविधी होता. त्याआधी मंडळीच्या कारभाऱ्यांनी साहेबांना वेदीमागच्या खोलीत गाठलं. सगळ्यांत वयस्कर कारभारी म्हणाले, "हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. गेलेली काही परत येत नाही. अपघात झाला म्हणा, देवाची इच्छा म्हणा आणि आटपा. मंडळीची अब्रू आहे."

"तिची नव्हती?" साहेब म्हणाले.

ते शवपेटीपाशी जाऊन उभे राहिले. समोर मंडळी खच्चून भरली होती. गाणाऱ्या बायकांच्या रांगेत एक जागा मोकळी होती. साहेबांनी लिहून आणलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

"ही देवाची इच्छा नाही," ते म्हणाले. "देवाच्या नावावर हे पाप मी घालणार नाही. ही पोर माझ्या दारी आली होती. मार खाऊन सुजलेला हात तिनं मला दाखवला. चार दिवस आसरा मागितला. आणि मी, मोर्चे काढणारा मी, तिला मारणाऱ्याच्या हाती परत दिलं. वर प्रार्थना केली. इथून मी पोलिसांकडे जातोय. ज्यांनी हिचं रडणं भिंतीपलीकडून ऐकलं असेल, त्यांनी माझ्याबरोबर यावं."

कुणीतरी ओरडलं, "खाली बसा!" कारभारी उठून बाहेर गेले. नवरा पहिल्या बाकावर मान खाली घालून बसून राहिला. दफन झाल्यावर साहेब निघाले, तेव्हा त्यांच्यामागून नर्स निघाली, साहेबांची बायको निघाली आणि चिमणीच्या शेजारची एक म्हातारी काठी टेकत निघाली. एवढीच माणसं.

त्यांच्या जबान्यांवर नवऱ्याला अटक झाली. महिन्याभरात साहेबांचं पद गेलं, मंडळीनं दिलेलं घर गेलं. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्यातली मोठी खोली रिकामी ठेवली आणि दारावर पाटी लावली: 'मार सोसून परत जाऊ नका. इथे या.'

पाटी लावल्याच्या तिसऱ्या दिवशी चिमणीची आई आली. हातात कपड्यांचं गाठोडं होतं. साहेब हात जोडून उभे राहिले. क्षमा मागायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली,

"नको. ते देवाकडे मागा, माझ्याकडे नाही. तुमचं तोंड बघायची माझी इच्छा नाही."

"मग आई, तुम्ही..."

"इथे पोरी येतील. घाबरलेल्या असतील. त्यांना कुणीतरी आईसारखं लागेल." तिचा आवाज फाटला. "मीही एकीला परत पाठवलंय."

ती साहेबांकडे न बघता आत गेली, गाठोडं कोपऱ्यात ठेवलं आणि तिनं खोली झाडायला घेतली.